भिंतीला कान लावणारे मामा

वेड कुठल्याही वयात लागतं म्हणतात, पण साठी उलटल्यावर रीतसर प्रवेशपरीक्षा देऊन वेडे झालेले माझे थोरले मामा हे पुण्यातलं एकमेव उदाहरण असावं. सरकारी बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले, तेव्हा मामींनी सकाळच्या फिरायच्या ग्रुपात त्यांचं नाव घालून ठेवलं होतं. मामांनी नाव घातलं ते मात्र वारसा संवर्धन आणि व्यवस्थापनाच्या एम.ए.ला.

जन्मभर त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, सिमेंट आणि ऑइलपेंट. पहिल्याच महिन्यात बाईंनी वर्गात एका जुन्या घाटाचा फोटो दाखवला. सांधे सिमेंटने भरलेले, आत पाणी मुरून दगड फुटलेले. दुरुस्ती कशी करू नये याचा हा नमुना, असं त्या म्हणाल्या. मामांनी पहिल्या बाकावरून हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, हे काम माझं आहे." नातवंडं शोभतील अशा त्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून मामा चुन्याचे झाले.

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर पिंपात चुना भिजू लागला. त्यात जुन्या गवंड्यांच्या रीतीने गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. घरात पुरणाला गूळ उरत नाही, अशी मामींची तक्रार. लग्नाला गेले तरी मामा वधूवरांच्या आधी हॉलच्या भिंतीला भेटत. बोटाच्या पेराने टकटक, मग कान. खराडीला माझं नवं ऑफिस बघायला आले, पार्टिशनवर टकटक केलं आणि म्हणाले, "पोकळ आहे. पगार वेळेवर देतात ना?"

प्रबंधाची वेळ आली तशी वर्गातली मुलं सदाशिव पेठेतल्या वाड्यांवर तुटून पडली. मामांनी निवडलं त्यांच्या जुन्या वस्तीतलं छोटं बुद्धविहार, धम्म स्वीकारल्यानंतर आजी-आजोबांच्या पिढीने स्वतःच्या हातांनी उभारलेलं. नेमकं तेव्हाच विहाराच्या समितीने मागच्या भिंतीला चकचकीत टाइल्स लावायचं ठरवलं होतं. खोकी येऊनही पडली होती. भिंत गेली असती तर प्रबंध गेला असता, आणि मामांची झोपही. समितीचे अध्यक्ष त्यांचे बालमित्र. "तू शिकलास म्हणून आम्ही जुनाट राहायचं का?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मामांनी फक्त एक संध्याकाळ मागून घेतली. खिडक्या लावल्या, दिवे घालवले आणि टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरला. वरच्या भागात गवंड्याच्या थापीचे सरळ फटकारे दिसले. खाली मात्र सारवल्यासारख्या गोल गोल लाटा, तळव्यांच्या.

"इथपर्यंत आपल्या आयांचे हात पोचले," मामा म्हणाले. "वरचं गवंड्याने केलं."

एका कोपऱ्यात लाटा हातभर खालीच थांबल्या होत्या. माझी आजी, म्हणजे मामांची आई, फार बुटकी होती. अध्यक्षांनी लहानपणी तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या होत्या. टाइल्स बाहेरच्या नळाच्या ओट्याला लागल्या. भिंतीवरचा ऑइलपेंट एके काळी मामांनीच हौसेने दिलेला होता. तो त्यांनीच खरवडला, आणि गच्चीवरचा चुना एकदाचा कामाला आला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की इतकी अलीकडची इमारत वारसा कशी?

"सर, याच्या आधी आम्हाला आमचं म्हणून काही बांधताच आलं नव्हतं," मामा म्हणाले. "आमचं सगळ्यात जुनं हेच."

मामा वर्गात पहिले आले. वस्तीने ताशा लावून त्यांची मिरवणूक काढली आणि गुळाचा हिशेब विसरून मामी सगळ्यांच्या पुढे नाचल्या. मलाही त्या दिवशी आपला मामा म्हणून त्यांना मिरवावंसं वाटलं, आणि मी मिरवलं.

पदवीची मोठी फ्रेम करून विहारात लावायचं ठरलं. अध्यक्ष हातोडी घेऊन पुढे झाले, तर मामा आडवे आले. या भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणाले. त्यामुळे ती फ्रेम अजून त्या कोपऱ्यात जमिनीवरच टेकवून ठेवलेली आहे. आजीला वाचता येत नव्हतं, पण तिचा हात सहज पोचेल इतक्या खाली ती आहे. मामा संध्याकाळी तिथे जातात आणि भिंतीला कान लावून बसतात. टकटक मात्र करत नाहीत.