आठ, पुरे!

“पाच, सहा, सात, आठ. पुरे!”

काका सायकलवरून उतरायच्या आधी आम्हाला मोजायचे. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, आणि हातात खिशातून काढलेला दहा-अकराचा पाना. त्या पान्याने एकेकाच्या डोक्याकडे दाखवत आठापर्यंत यायचे, पाना परत खिशात टाकायचे आणि मगच पाणी प्यायचे.

रविवारी सकाळी नाशिकमधून सायकली काढून गोदावरीच्या कडेकडेने भटकणारे आम्ही नऊ जण. लॉकडाऊन संपल्यावर वजन उतरवायचं म्हणून सुरू केलेला उद्योग, वजन तसंच राहिलं आणि सवय लागली. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, मी बँकेत. काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, मूळचे निफाडकडचे. आमच्या सायकली पंचवीस-तीस हजारांच्या, त्यांची साधी काळी, बापाच्या वेळची. तरी आमच्यापैकी कुणाची चेन उतरली की सगळे त्यांच्याच नावाने ओरडायचे.

ते कायम शेवटी असायचे. मी सगळ्यात हळू, म्हणून शेवटून दुसरी. तीन वर्षं मी त्या माणसाच्या बरोब्बर पुढे सायकल चालवली. प्रत्येक वळणावर मागून दोनदा घंटी वाजायची. म्हणजे मी आहे, तुम्ही चला.

सुरुवातीला मी सारखी मागे वळून बघायची. एकदा बघता बघता सरळ कांद्याच्या वाफ्यात गेले. काका धावत आले. मला उठवायचं सोडून आधी चिखलातली रोपं सरळ करायला लागले.

“अहो काका, मी पडलेय इथे!”

“तुमी उठाल ताई. हे कांदे आपल्या पायानं उठत नाय.” मग हात दिला आणि म्हणाले, “मागं बघू नका. मागं बघनारा मानूस पडतोच. मागं मी हाय ना!”

तेव्हापासून मी मागे बघणं सोडलं. सगळ्यांनीच सोडलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो आहे म्हणून आपण बिनघोर असतो आणि बिनघोर असतो म्हणून त्याच्याकडे बघतही नाही.

मोबाईल ते जवळ ठेवायचे नाहीत. “मी शोधनारा मानूस. मला कोन शोधायचंय?” म्हणायचे. मोजण्यावरून आम्ही त्यांना फार छळायचो. आम्ही नऊ आणि ह्यांचा हिशेब आठावर संपायचा.

“काका, स्वतःला पण मोजा की!”

“कशाला? मी शेवटी. मी आलो म्हंजे सगळे आले.”

त्यांची नक्कल मी झकास करायची. ते स्वतःच फर्माइश करायचे, “ताई, करा बरं माझी नक्कल,” आणि पोट धरून हसायचे.

त्या रविवारी आम्ही चांदोरीला निघालो होतो. पाणी उतरलं की तिथली नदीतली दगडी देवळं उघडी पडतात, ती बघायची आणि मग मिसळ. ओढा गावाच्या पुढे मोठा रस्ता सोडून आम्ही नदीकाठच्या कच्च्या वाटेला लागलो. छान गारवा होता, डावीकडे द्राक्षबागा, उजवीकडे नदी. मी चक्क गाणं म्हणत होते. वळणं आली, गेली. घंटी वाजली का? काय सांगू! तीन वर्षं ऐकून ऐकून ती माझ्या कानात आपोआप वाजायची. त्या दिवशी शेवटची खरी घंटी कुठे वाजली, ते मला आजही सांगता येत नाही.

चांदोरीत आम्ही फोटो काढले, देवळं पाहिली, मिसळवाल्याच्या बाकड्यांवर जाऊन बसलो. काका दिसले नाहीत, पण त्यात नवीन काय? दर थांब्याला ते बाहेर सायकलींचे टायर अंगठ्याने दाबत फिरत असायचे, आणि वाटेत एखाद्या गावकऱ्याची चेन बसवायला थांबायचे. आमच्यातले सर म्हणाले, “आज मोजणी झाली नाही वाटतं?”

मला सुरसुरी आली. मी टेबलावरचा चमचा उचलला, एक पाय बाकावर ठेवला आणि काकांच्या आवाजात एकेकाच्या डोक्याकडे चमचा दाखवत गेले. शेवटी स्वतःच्या छातीवर टेकवला.

“सात, आठ. पुरे!”

सगळे खो खो हसले. आठ भरले होते. आठ भरले की पुरे, हे तीन वर्षं डोक्यात बसलेलं. आठ नेहमीच भरायचे, पण त्यात मोजणारा नसायचा. ह्या वेळी मोजणारी मी होते आणि मी स्वतःला मोजलं होतं, तरी आठच. मग नववा कुठे? नऊ माणसांच्या त्या टोळक्यात हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. मलाही नाही. मी दुसरा पाव मागवला.

मिसळवाल्याला आमची सवय माहीत. त्याने न विचारता नऊ प्लेटा आणल्या होत्या. आमच्या संपत आल्या तेव्हा तो म्हणाला, “काकांची गार झाली की. बोलवा त्यांना.”

मी बाहेर आले. आठ सायकली होत्या.

परत येताना मी सगळ्यांच्या पुढे होते, आयुष्यात पहिल्यांदा. सायकल कशी चालवली ते आठवत नाही.

काळी सायकल वाटेच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली होती. काका बाभळीखाली. द्राक्षबागेत कामाला आलेल्या एका बाईने त्यांच्या डोक्याखाली आपली चुंबळ दिली होती आणि पदराने वारा घालत होती. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी घालत होती. बागेच्या मालकाने जीपमधून डॉक्टर आणला. त्याने नाडी पाहिली आणि मान हलवली. हार्ट अटॅक. अर्धा तास तरी झाला असेल, म्हणाला. अर्धा तास! तेव्हा माझ्या हातात चमचा होता.

नंतर पोलिसांनी विचारलं, शेवटचं कधी पाहिलं? कुठल्या रंगाचा शर्ट होता सकाळी? मला सांगता येईना. मी त्यांना पाहतच नव्हते हो. ते मागे होते.

पण त्या आधी, बाभळीखाली, ती बाई माझ्याशी बोलली.

“लय घाम आलता बाबाला. पानी पाजलं. म्या म्हनलं, फोन लावते कुनाला तरी, नंबर सांगा. तर म्हनले, नंबर पाठ नाय. म्हनले, माझी मानसं पुढं गेलीत, थांबली की मोजतील. एक कमी भरला की येतील माघारी.”

तिने पदर थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मंग ताई, तुमी मोजलंच नाय व्हय?”

मागे सर उभे होते, बाकीचे उभे होते.

“नाही,” मी म्हणाले. “राहूनच गेलं.”

मोजलं होतं, आणि मोजून हसलो होतो, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते?