पट्टकादंब कुणी पाहिले

ऐंशीनंतरच्या एका जानेवारीत आम्ही दोघं पुण्याहून फियाट घेऊन दोन दिवसांसाठी नाशिकला गेलो होतो. यांचे मामेभाऊ कॉलेज रोडला राहत. यांना भावाशी गप्पा मारायच्या होत्या, मला पक्षी बघायचे होते. शाळेत शिकवता शिकवता मला हा नाद लागला होता. पहिल्या संध्याकाळी मी एकटीच दुर्बीण घेऊन नदीच्या कडेने आनंदवल्लीपर्यंत चालत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आम्हाला गंगापूर धरणावर घेऊन गेले. सोबत त्यांच्या पक्षीमित्र मंडळातले चार-पाच पुरुष. पाण्यावर चक्रवाक होते, आणि त्यांच्या पलीकडे चिखलात हंसाच्या जातीचे दोन मोठे राखाडी पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे.

"पट्टकादंब!" मी म्हणाले.

सर वळले ते थेट यांच्याकडे. "वा साहेब! काय नजर आहे तुमची."

हे चहाच्या वाफेने धुरकटलेला चष्मा पुसत होते. नुसते हसले.

नंतर सरांच्या घरी पोहे झाले आणि सरांनी मंडळाची वही काढली. मी डोकावून वाचलं. पट्टकादंब, दोन. प्रथम पाहणारे: श्री. अमुक, पुणे.

"सर, ते मी पाहिले."

"अहो वहिनी, तुम्ही दोघं काय वेगळे आहात का?"

सगळे हसले. हेही हसले. आणि पाहुणी म्हणून मीसुद्धा हसले. आज लिहितानाही ते मला सहन होत नाही.

दुपारी निघालो. सिन्नर आलं तसं मी दुर्बीण मागच्या सीटवर टाकली.

"एवढं काय झालं?" हे म्हणाले. "एका वहीत तर लिहिलंय."

"त्या पक्ष्याचं नाव सांगा बरं."

"पट... काहीतरी. बदकच ना?"

"गाडी वळवा."

"वेड लागलंय का? उद्या ऑफिस आहे माझं."

"मग स्टँडवर सोडा मला. एसटीने जाते परत."

धुसफुसत का होईना, त्यांनी गाडी वळवली.

सर वामकुक्षीतून उठून बनियनवरच दारात आले. माझं म्हणणं ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वहीत खाडाखोड करत नाही मी."

शेवटी यांनीच तोंड उघडलं. "सर, तेव्हा मी चष्मा पुसत होतो. मला ते दिसलेसुद्धा नाहीत."

सरांनी नाइलाजाने ती ओळ खोडली आणि वर 'सौ.' लिहून पुढे यांचंच नाव घालायला लागले. मी त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं. तेही खोडलं आणि माझं नाव लिहिलं, मधलं गाळून पहिलं आणि आडनाव, मोठ्या अक्षरात.

"बायकांनी इतकं मनाला लावून घेऊ नये," सर म्हणाले. चहाला मात्र थांबा म्हणाले नाहीत.

संगमनेर आलं तेव्हा अंधार पडला होता. यांनी हळूच विचारलं, "कसा दिसतो गं तो पक्षी?"

"पुढच्या वेळी स्वतः बघा," मी म्हटलं आणि काच वर केली.