‘बंद’ टॅगने केलेला घोळ

मंडळी, आज सातवीच्या वर्गात माझ्या हातून घोळ झाला. सांगून टाकते.

आमची शाळा लालबागची. ‘आपला परिसर’ प्रकल्पासाठी मुलं नेटवर सापडलेल्या लिंक वर्गाच्या एका यादीत साठवतात आणि प्रत्येकीला एका शब्दाचा टॅग लावतात. मधल्या सुट्टीत मी यादी आवरायला बसले. सहा लिंकना टॅग होता ‘बंद’. उघडत नसतील असं समजून मी त्या न तपासताच उडवल्या.

तास सुरू झाला आणि करी रोडची सान्वी रडवेली होऊन उभी राहिली. “बाई, माझ्या सगळ्या लिंक गेल्या.”

“अगं, बंद होत्या ना त्या?”

“लिंक नाही बाई, गिरण्या बंद. आमच्या घरी तसंच बोलतात. आजोबा साचेखात्यात कापड विणायचे.”

मी वर्गासमोर तिला सॉरी म्हटलं. मग सगळ्यांनी शोधाशोध करून पाच लिंक परत मिळवल्या. सहावी, मागांच्या फोटोंची, काही केल्या सापडेना.

सान्वी म्हणाली, “जाऊ दे बाई. आजोबांना सगळं तोंडपाठ आहे. माणसाला टॅग लावता येतो का?”

सोमवारी आजोबा वर्गात येतायत. सान्वीने यादीत त्यांचं नाव टाकलं आणि टॅग लावला ‘चालू’. वर्ग खो खो हसला. ती शांतपणे म्हणाली, “बंदच्या उलट चालूच ना?”

तुमच्या घरी कोण आहे असं चालू?