मोज्यातली साक्ष

"हे काळं पडलंय ना मावशी, ते मेलेलं मांस आहे. गँगरीन. आज दोन बोटं काढू. अजून उशीर केलात तर पाय जाईल."

गँगरीन म्हणजे रक्त न पोचल्यानं अंग कुजणं. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा मोजा उतरवला तेव्हा असा भपकारा सुटला, की मीच तोंड फिरवलं. शी! माझाच पाय, आणि माझ्यानंच बघवेना.

सुरुवात झाली चप्पल चावून. मला शुगर, त्यात न्यूरोपथी, म्हणजे पायाच्या नसा बधिर. फोड आला तरी दुखलं काहीच नाही. आमच्या प्रार्थना मंडळातल्या शांताबाईंनी तेल लावून प्रार्थना केली. दोन दिवसांत फोड सुकला. आणि मी, संडे स्कूलमध्ये पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी, रविवारी चर्चमध्ये उभी राहून साक्ष देऊन बसले: देवानं मला पूर्ण बरं केलं! लई टाळ्या पडल्या.

बुधवारी पू आला. आता साक्ष मागं कशी घ्यायची? देव खोटा पडेल की, असं मनाला सांगितलं. खरं तर माझंच नाक कापलं जाणार होतं. तीन आठवडे जखमेवर मोजा चढवून, वर पावडर शिंपडून हिंडले. त्या मोज्याची किळस येते मला. त्याहून जास्त माझी.

बोटं गेली. मग डेब्रिडमेंट, म्हणजे सडलेलं खरवडून काढणं. शांताबाई भेटायला आल्या, त्या नाकाला पदर लावून दारातच थांबल्या.

"विश्वास कमी पडला तुमचा, सुमनताई. देवानं शिक्षा केली बघा."

माझं डोकंच फिरलं. "शिक्षा करणारा जवळ तरी येतो. तुम्ही आत तरी या की!"

त्या गेल्या.

घरी ड्रेसिंग सून करायची, मीना. वासावर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही बया रोज माझ्या पायाशी नाक न्यायची. "आई, आज कमी हाय." एकदा पट्टी बांधता बांधता कडाडली, "मला तरी सांगायचं की हो! मी काय मेले होते?" आणि रडायलाच लागली. पट्टी मात्र सैल होऊ दिली नाही.

संडे स्कूलमध्ये बायबलातले संदेष्टे शिकवताना देव कसा रागावला, आपल्या लोकांना परक्या मुलखात कसं धाडलं, हे मी आवाज चढवून सांगायची. त्यानंच त्यांना लेकरासारखं हात धरून चालवलं होतं, मारलं त्यानंच आणि पट्टीही बांधली, हा भाग घंटा होईपर्यंत राहूनच जायचा.

शुगरवाल्यांनो, रोज तळपाय बघा. प्रार्थना करा, पण मोजा काढून.

पाय वाचला. मीनाला सोबत घेऊन गेले, वॉकर धरून चर्चमध्ये उभी राहिले आणि सांगितलं, मागची साक्ष खोटी होती. या वेळी टाळ्या नाहीत. उपासना सुटली, माणसं पांगली. शांताबाई तेवढ्या माझ्या बाकावर येऊन बसल्या. इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकून हळूहळू आपला मोजा काढायला लागल्या.

वास आला. माझा हात पदराकडं गेला होता, तो मी खाली घेतला आणि त्यांच्या पायाजवळ वाकले.

"मीना," मी हाक मारली, "रिक्षा बघ गं."