ओल्या टॉवेलचा दंड

माझ्या नवऱ्याने सात वर्षं बसून पगार घेतला, असं मी म्हटलं की त्याला अजून झोंबतं. पण त्यात खोटं काय आहे? फुटबॉलच्या मोठ्या लीगमधल्या एका क्लबचा तो दोन नंबरचा गोलकीपर होता. एक नंबरचा खेळायचा आणि माझा नवरा बाहेर बाकावर बसून टाळ्या वाजवायचा. पहिल्याला काही लागलंखुपलं तरच ह्याची पाळी. आणि स्वभाव असा, की पहिल्याचं बोट दुखावलं तर बर्फाची पिशवी घेऊन हाच आधी धावायचा. घरात मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना एकेरीवर आले आहे, तेवढं चालवून घ्यावं.

त्याचं गाव उजनीच्या पाण्याकाठचं. ट्रक भरताना खालून फेकलेली कलिंगडं वर उभं राहून झेलायचं काम लहानपणी त्याच्याकडे असायचं, गोलकीपर तिथंच घडला. मी सोलापूरची, कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. वडीलही क्लार्कच होते. आमच्या घरात पगार म्हणजे एक तारीख, आणि नोकरी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांपर्यंत. बघायला आला तेव्हा वडिलांनी त्याला एकच विचारलं, हा खेळ किती वर्षं खेळता येतो? तो म्हणाला, तेहतीस-चौतीसपर्यंत. मग पुढं? तर म्हणे, पुढचं पुढं बघू की. वडिलांचा चेहरा पडला. मी मात्र होकार दिला, कारण मुलगा उंच होता आणि खोटं बोलत नव्हता. पण ते 'पुढं' त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं.

करार दहा महिन्यांचा, ऑगस्ट ते मे; सामने एप्रिलमध्येच संपायचे. त्या दहा महिन्यांत त्याला माझ्या तिप्पट पगार मिळायचा, जून-जुलै शून्य. पुन्हा नवा करार होईल की नाही, हे जूनमध्ये फोन येईल तेव्हा कळायचं. तिप्पट पगार म्हणजे वाईट नाही. पण ज्याला तेहतिसाव्या वर्षी रिटायर व्हायचंय, त्याच्यासाठी तो फार नाही. हे मला कळत होतं. त्याच्या गावाला कळत नव्हतं. गावाने टीव्हीवर खेळाडूंचे लिलाव बघितले होते आणि आपला पोरगाही त्यातच कुठेतरी कोटीत विकला गेलाय अशी सगळ्यांची खात्री होती. मॅच लागली की बाकावरची माणसं दोन सेकंद दिसायची, तेवढ्यावर गाव खूश.

सुट्टीत गेला की सत्कार. टॉवेल, टोपी, नारळ, आणि भाषण. भाषण संपलं की कुणीतरी खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला न्यायचं. चुलतभावाला पाण्यावरची मोटर बदलायची असायची, मोडनिंबच्या मित्राला मोबाईलचं दुकान टाकायचं असायचं, कुणाच्या पोरीचं लग्न असायचं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते मी तिथं डोळ्यांनी बघितलं. एका वर्षी घरात अकरा टॉवेल आले आणि बँकेत काही उरलं नाही. सोलापुरात राहून टॉवेलचं कौतुक ते काय करायचं!

असं नाही की तो उधळ्या होता. स्वतःसाठी दोन जोडी बूट आणि शेंगाचटणी एवढ्यावर त्याचं भागायचं. फक्त त्याला नाही म्हणता यायचं नाही. आयुष्यभर समोरून आलेला चेंडू अडवणाऱ्या माणसाला समोरून आलेला हात अडवता येत नव्हता. मी बचतीचे फॉर्म आणून ठेवले, त्याने सह्याही केल्या. पण हप्त्याची तारीख येईपर्यंत पैसे कुणाच्या तरी मोटरला लागलेले असायचे. मी ओरडायचे. तो खाली मान घालून ऐकायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत मी त्याच्या क्लबच्या गावी चार दिवस राहून आले. तिथं खेळाडूंच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. सरावाला उशीर, इतके रुपये. जेवताना फोन वाजला, इतके. दुसऱ्याची पाण्याची बाटली प्याली, इतके. मला वाटलं व्यवस्थापनाने लावला असेल. तर नाही, खेळाडूंनी आपला आपणच लावलेला. त्यांच्यातलाच एक खजिनदार. सीझन संपला की त्या पैशांत सगळ्यांची पार्टी, आणि ती कशी करायची ते खजिनदार ठरवणार. सगळ्या क्लबात अशीच पद्धत आहे म्हणे.

मी सहज विचारलं, ह्या डब्यातून कुणी हातउसने घेत नाही का? देवळाची दानपेटी फोडू या का, असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, दंडाचे पैसे आपले नसतातच, एकदा दिले की दिले. हे बोलत होता तो कोण, तर ज्याच्या खिशात आठवडाभर नोट टिकत नव्हती तो माणूस.

परत येताना गाडीतच मी यादी केली. घरात चपला घालून स्वयंपाकघरात येणे, शंभर. मला न विचारता फोनवर कुणाला पैसे कबूल करणे, हजार. आंघोळ करून ओला टॉवेल पलंगावर टाकणे, पाचशे. हे शेवटचं कलम मी रागाच्या भरात घातलं होतं, कारण आदल्याच उन्हाळ्यात त्याने एकदोनदा तसं केलं होतं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सुट्टीला आल्यावर त्याने तो गंभीरपणे, दोनदा वाचला. खजिनदार कोण, एवढंच विचारलं. मी, म्हटलं. त्याने खाली सही केली. टॉवेलचा दंड जरा जास्त वाटतो का, असं मीच विचारलं, तर म्हणाला, राहू दे.

दुसऱ्या दिवशी पलंगावर ओला टॉवेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मे महिन्यातल्या सोलापुरात टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा कडक होतो, आणि ह्याचा दुपारपर्यंत चिंब. गादीवर डाग पडला. मी रोज ओरडायचे, तो रोज मुकाट्याने पाचशे रुपये भरायचा. मी ते वेगळ्या खात्यात टाकायचे आणि वहीत लिहायचे. नियम क्लबच्या गावीही लागू आहेत असं त्यानेच ठरवलं. तिकडे गेल्यावर रात्री मेसेज यायचा, एकच शब्द: टॉवेल. पाठोपाठ पाचशे रुपये. इतक्या लांबून मला काय दिसणार होतं? पण दंड लपवला तर डबल, असा त्यांच्याकडे नियम होता आणि तो पाळणारा होता. मला त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटायचं आणि अव्यवस्थितपणाची चीड यायची. ऑफिसात मैत्रिणींना सांगायचे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

एकदा सासूबाईंपुढे हे गाऱ्हाणं मांडलं. त्या फणकारल्या.

"माज्या पोरानं कदी वलं फडकं हातरुणावर टाकलं न्हाय. चौघांत एक टावेल हुता आमच्यात, वाळत न्हाय घातला तर दुसऱ्यानं अंग कशानं पुसायचं? तुज्या हितं आल्यावर बिघाडला त्यो."

मुलाची बाजू घेणारी आई, म्हणून मी ते सोडून दिलं.

तेहतिसाव्या वर्षी खांदा गेला. ऑपरेशन क्लबने केलं, त्याबद्दल तक्रार नाही. करार मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपला आणि जूनमध्ये फोन आला नाही. जुलैतही नाही. तो मोबाईल उशाशी ठेवायचा, आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा. ऑगस्टमध्ये क्लबांची खेळाडू घेण्याची मुदत संपली, तरी तो रोज पहाटे उठून धावायला जायचा. नुसती सवय म्हणून, म्हणायचा. मी काही बोलायचे नाही.

ह्या दिवसांत एक बदल झाला. टॉवेल दोरीवर दिसायला लागला. नीट, दोन चिमटे लावून. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण महिने गेले तरी टॉवेल दोरीवरच. रिकामपणी माणूस सुधारला, म्हणून मी त्याची चेष्टाही केली. तो हसला नाही.

सप्टेंबरात तो आमच्याच कॉलेजच्या मैदानावर रोजंदारीने जायला लागला. मैदानावर चुन्याची फक्की मारायची, जाळ्या बांधायच्या, चेंडूत हवा भरायची. ऑफिसच्या खिडकीतून मला तो दिसायचा. काम कुठलंच हलकं नसतं हे मलाही कळतं. पण रेघ मारता मारता तो गोलच्या दोन खांबांमध्ये आला की थांबायचा, आणि मला भरून यायचं. मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागले.

मग त्याच्या जुन्या प्रशिक्षकांचा फोन आला. गोलकीपरांना शिकवणाऱ्यांसाठी कोर्स आहे, तीन टप्प्यांत, दुसऱ्या राज्यात. तो केला तर चांगल्या ठिकाणी कोच म्हणून घेतील. फी होती, तीनदा जाऊन राहायचा खर्च होता, तेवढे दिवस कमाई बंद. त्याने आभार मानून फोन ठेवला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, आत्ता पैसे कुठे आहेत. मोटरवाल्या चुलतभावाला विचारू का, असंही म्हणाला. त्या चुलतभावाने तीन महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता.

मी म्हटलं, पैसे आहेत की, दंडाचे. तो एकदम ताठ झाला. दंडाचे पैसे परत घेत नसतात, म्हणाला. मी वही काढून त्याच्यापुढे आपटली. सहा वर्षांचा दंड आहे, आकडा तरी बघा, म्हटलं. तो बघेना, म्हणून मीच पानं उलटायला लागले, आणि उलटता उलटता माझा हात थांबला. चपलांचे शंभर कुठेतरी दोनचार. बाकी पानंच्या पानं टॉवेल, टॉवेल, टॉवेल. शेवटचा टॉवेल एकतीस मे. करार संपला त्या दिवसाचा. त्यानंतर एकही नाही.

सासूबाईंचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

"तुम्ही मुद्दाम टाकत होता?"

तो नखाने बोटांवरचा मैदानाचा चुना खरवडायला लागला. मग म्हणाला, "कुणी मागायला आलं की मला न्हाय म्हणता येत न्हाय. खोटंबी बोलता येत न्हाय. दंड भरून टाकला की पैसे न्हाईत, हे खरं असायचं."

"मग मला सांगायचं की."

"सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस का? ओरडल्याबिगर कसला दंड?"

मला हसूही आलं आणि रडूही. सहा वर्षं ह्या माणसाने टॉवेल बादलीत बुडवून गादीवर टाकला होता आणि वर माझी बोलणी खाल्ली होती. नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याने मला चौकीदार केलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मी खजिनदार, म्हणून मी स्वतःलाच हुशार समजत होते.

तरी तो हट्ट सोडेना. त्या पैशांना हात लावायचा नसतो, हेच धरून बसला. शेवटी मी विचारलं, तुमच्या क्लबात सीझन संपल्यावर त्या डब्याचं काय करतात? पार्टी, तो म्हणाला. कशी करायची ते कोण ठरवतं? खजिनदार.

मग मी ते विचारलं, जे जूनपासून घरात कुणी विचारलं नव्हतं.

"सीझन संपला का तुमचा?"

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती चारपाच वेळा किक मारूनही सुरू झाली नाही. विचारायला नको होतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो धावायला गेला असता आणि मी पुन्हा गप्प बसले असते, तर आमचं असंच चाललं असतं.

"संपला," तो म्हणाला.

मी वही मिटली आणि कोर्सवाल्यांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

कोर्स हिवाळ्यात झाला. तिसऱ्या टप्प्यात इंग्रजीतून लेखी पेपर होता, त्याला तो पेनल्टीपेक्षाही जास्त घाबरला, पण पास झाला. एप्रिलपासून सोलापुरातच नव्या निघालेल्या एका फुटबॉल अकादमीत तो पोरांना गोल राखायला शिकवतो. पगार क्लबच्या निम्म्याहून कमी आहे, माझ्याएवढाच म्हणा ना. पण बारा महिने मिळतो. गावात ही बातमी पोचली आहे आणि सत्काराचं बोलावणंही आलं आहे. टॉवेल ते आणतीलच.

पहिला पगार झाला त्या दिवशी मी ऑफिसातून साडेपाचला घरी आले. ऊन अजून उतरलं नव्हतं, चप्पल काढताना फरशीसुद्धा भाजली. तो मागे गॅलरीत बूट धूत होता. खोलीत गेले तर पलंगावर, बरोबर माझ्या बाजूला, टॉवेल. पाणी निथळून चादर काळपट झाली होती.

मी पर्स खाली ठेवली आणि त्या टॉवेलवर हात ठेवून बसून राहिले. साडी ओली झाली तरी उठले नाही. मग आवाज नेहमीसारखा चढा करून ओरडले, हे काय आहे, आणि दंड कोण भरणार?

"भरलाय," तो गॅलरीतून म्हणाला. "मोबाईल बघ की."