ट्यूबाची तिवई

अख्ख्या बेंगळुरात बसावं कसं हे कळलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. बाकीचे लोक नुसते टेकतात. मामांनी तीस वर्षं एका सरकारी बँडात ट्यूबा वाजवला, तोही उभ्याने किंवा चालत. ट्यूबा म्हणजे बँडातलं सगळ्यांत अवजड पितळी वाद्य. त्याच्या कर्ण्यात तान्हं मूल आरामात झोपेल, आणि सूर इतका खालचा की कानाच्या आधी तो बाकाच्या फळीला कळतो. असलं धूड छातीशी कवटाळून जो माणूस तीस वर्षं मैदानावर चालला, त्याला खुर्ची ही किरकोळ वस्तू वाटत नाही. "पेन्शन कशाची असते, जावईबापू? बसण्याची!" असं ते म्हणत आणि बसायची प्रत्येक जागा पारखून घेत. लग्नाच्या पंगतीत मांडलेला पाट आधी हलवून बघत. सलूनमध्ये दोन्ही खुर्च्यांवर बसून झाल्याशिवाय गळ्याला कापड बांधू देत नसत. मी बेळगावहून नोकरीसाठी आलेला आणि त्यांच्या भाचीशी लग्न केलेला. पहिल्या भेटीत त्यांनी मला पगार विचारला नाही, ऑफिसातली खुर्ची कसली आहे ते विचारलं. वेताची आहे म्हटल्यावर "सरी, ठीक आहे, मग टिकाल," एवढंच म्हणाले.

पेन्शनीत गेल्यावर त्यांनी जयनगरात घर बांधलं. जयनगर तेव्हा नुकतं आखलेलं होतं, शेजार असा नव्हताच, आणि ट्यूबा वाजवणाऱ्याने घर कुठे बांधावं याचा तो सरळ हिशेब होता. शहरातल्या एका बागेत दर रविवारी संध्याकाळी निवृत्त वादकांचा बँड वाजत असे. मामा त्यात गेले. तिथे सगळे खुर्च्यांवर बसून वाजवत. आयुष्यात पहिल्यांदाच बसून वाजवायचं सुख मामांच्या वाट्याला आलं, आणि वर्षभरात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी बजावलं, "भरलेली कळशी उचलायची नाही." मामांनी लगेच मुद्दा काढला की कळशी भरलेली असते, ट्यूबा रिकामा असतो. डॉक्टरांनी तो मान्य केला नाही. उलट मांडीवर घेऊन पोटाशी दाबायलाही मनाई केली. बँडमास्तर वयस्क अँग्लो-इंडियन गृहस्थ होते, मनाने वाईट नव्हते, पण वेळेचे पक्के. तीन रविवार वाट बघतो म्हणाले. तोवर काही सोय झाली नाही तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. मामांनी हे घरी अगदी हसत हसत सांगितलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मामींनी मला परसात गाठलं. ट्यूबाला त्या तीस वर्षं 'सवत' म्हणत आल्या होत्या. पण आता म्हणाल्या, "जावईबापू, काय पण करा. ती खुर्ची गेली की हे माणूस उभ्या उभ्या वाळून जाणार बघा."

तेव्हा उपाय एकच होता. वाद्याचा भार अंगावर न घेता दोन गुडघ्यांमध्ये जमिनीवरून तोलून धरेल, अशी एखादी तिवई. बाहेरदेशी अशी मिळते असं बँडमास्तर म्हणाले, पण बाहेरदेशी जायला तीन रविवार पुरणार नव्हते. मामींनी मन घट्ट करून सोवळ्याच्या पाण्याची तिवई दिली. तिच्यावर कळशी शोभत होती. ट्यूबा मात्र बसल्या बसल्या कूस वळवायचा. मग आम्ही चिकपेटचा बाजार पालथा घातला. मामांची अट एकच, बसून पाहिल्याशिवाय घेणार नाही. त्यामुळे प्रत्येक दुकानात आधी स्टूल मागायचं, मग जटक्यातला, म्हणजे घोडागाडीतला, ट्यूबा मी आणि जटकेवाल्याने उतरवायचा, मग मामांनी डोळे मिटून एक लांब सूर काढायचा आणि बोहारणीसुद्धा थांबून बघायच्या. स्टोव्हचं स्टँड फार बुटकं निघालं. कुंडी ठेवायचं स्टँड सुराबरोबर थरथरू लागलं. शिवणयंत्राचं लोखंडी स्टँड मामांना पसंत पडलं होतं, पण वाजवताना त्यांचा पाय ताल धरायचा तो नेमका पायट्यावर. चाक फिरायला लागलं, चाकाबरोबर पाय, पायाबरोबर लय, आणि संथ सुरू झालेली चाल बघता बघता वरातीत शिरली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अण्णा, स्वल्प दुसरीकडे बघा."

दोन रविवार असे गेले. शेवटी बनशंकरीच्या बाजूचा एक म्हातारा सुतार सापडला. त्याने घरी येऊन मामांना खुर्चीवर बसवलं आणि जमिनीपासून ओठापर्यंत दोरीने माप घेतलं. फणसाच्या लाकडाची तीन पायांची तिवई झाली. वर चंद्रकोरीसारखी खाच आणि खाचेत मामींच्या जुन्या गोधडीचा तुकडा. मामांनी धोतर-बंडीत बसून तिच्यावर तीन-चार दिवस सराव केला. ट्यूबाचं तोंड बरोबर ओठाशी येत होतं. मामांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच संपूर्ण बसलेल्या माणसाचं समाधान पाहिलं.

तिसऱ्या रविवारी मामी जन्मात पहिल्यांदा बँड ऐकायला आल्या. मामा गणवेश चढवून, पट्टा आवळून, बिल्ले लावून खुर्चीत बसले, तिवईवर ट्यूबा ठेवला, आणि त्यांचे ओठ ट्यूबाच्या तोंडाच्या चांगले दोन बोटं वर राहिले. खुर्ची तेवढीच उंच होती, तिवईही तीच होती. वाढले होते ते मामा. तीस वर्षांची सवय. गणवेश अंगावर आला की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. सुताराने माप घेतलं होतं ते धोतरातल्या मामांचं.

"अहो, घरी बसता तसं बसा की!" मामी पहिल्या रांगेतून ओरडल्या. मामांनी प्रयत्न केला. खांदे सोडले, पोट सोडलं, पण पट्ट्याचं बक्कल चकाकलं की पाठ पुन्हा सरळ. कपाळावर घाम आला. "येत नाही हो," ते हळूच म्हणाले, आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. बँडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग ते ज्या जाड फळीवर उभे राहून हातवारे करत, तिच्यावरून खाली उतरले, फळी उचलली आणि मामांच्या तिवईखाली सरकवली. बरोबर दोन बोटं. उंचीने मुळात बेताचे ते गृहस्थ, त्या दिवशी मागच्या रांगेला त्यांची नुसती छडी दिसत होती. पण बँड वाजला, आणि खुर्ची मामांची राहिली. सुताराने पुढच्याच आठवड्यात पाय उंच करून दिले. परिणाम एवढाच झाला की मामांना आता घरीसुद्धा गणवेश घातल्याशिवाय वाजवता येईना.

पुढची पाच-सहा वर्षं त्यांचा एकही रविवार चुकला नाही. मग बँडमास्तर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले. क्लॅरिनेटवाल्यांपैकी एक वारला, दुसऱ्याचे दात गेले, आणि एके दिवशी बागेतल्या खुर्च्या उचलून कुठेतरी दुसरीकडे नेल्या. मामांची जागा कुणी घेतली नाही. जागाच राहिली नाही.

त्यानंतर एका रविवारी संध्याकाळी मी जयनगरला गेलो. मामा ओसरीवर गणवेशात बसले होते, ट्यूबा तिवईवर. मला खुणेने बसायला सांगून ते वाजवू लागले. ट्यूबाच्या वाट्याला चाल येत नाही, नुसता तळ येतो. चार सूर, थोडी उसंत, पुन्हा चार सूर. मग ते थांबले आणि बराच वेळ थांबले. संपलं असं समजून मी म्हणालो, "मामा, छान झालं."

त्यांनी हात वर केला. "स्वल्प थांबा, जावईबापू. क्लॅरिनेट चाललंय."

समोर मोकळा रस्ता होता, आवाज कुठलाच नव्हता. मामा मान किंचित हलवत, बोटांवर मोजत, ताठ बसून ऐकत होते. मला फार वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, थोडा हेवाही वाटला. मामी चहा घेऊन आल्या, त्यांनी मामांकडे पाहिलं आणि कपाचा आवाज होऊ न देता त्या दारातच उभ्या राहिल्या. मामांची पाळी यायला अजून अवकाश होता.