मेहुण्याची मोटार आणि माझा शनिवार

कोणती गाडी स्वस्त पडते आणि कोणती महाग, हे मला कुणी शिकवू नये. मी शिकलेला माणूस आहे. दुसरीच्या वर्गात तीन वर्षं काढली, म्हणजे गुणाकार केला तर सहावी होते. (हा गुणाकारसुद्धा मीच केला आहे.)

त्या काळी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावात बैलगाड्या चार आणि त्यांतली चांगली एकच. ती माझी. बैल दोन, मोऱ्या आणि खैऱ्या. मोऱ्या कुडपणच्या माळावरून आणलेला, खैऱ्या घरच्या गाईचा. दर शनिवारी मी गाडीत तांदळाची पोती घालायचो आणि बारा मैलांवर महाडला व्यापाऱ्याकडे पोचती करायचो. पहाटे निघायचं, रात्री परत. आणि तेसुद्धा कडकडीत उपाशी, कारण मारुतीचा शनिवार मी बारा वर्षं धरत होतो. रात्री घरी आलो की आमची मंडळी उकडलेली रताळी आणि साय घातलेलं दूध पुढे ठेवायची आणि म्हणायची, "दिसभर पोटात काय नाय, किती वो हाल तुमचे." मी म्हणायचो, "देवासाठी करायचं गो, बोलून दाखवायचं नाय."

असं सगळं सुखात चाललेलं असताना माझा मेहुणा सदू मुंबईहून मोटार घेऊन आला.

सदू म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वरंधचा. मुंबईत एका शेटची मोटार चालवायचा. शेटनं नवी घेतली आणि जुनी याच्या गळ्यात मारली. रंग काळा होता असं सदू म्हणायचा. एका बाजूचं दार सुतळीनं बांधलेलं. ही मोटार पोलादपूर ते महाड भाड्यानं चालवायची आणि त्यात मी अर्धा भागीदार व्हायचं, असा त्याचा बेत होता. माझा भाग कुठून यायचा? तर मोऱ्या आणि खैऱ्या विकून.

"दाजी, बैलगाडीचा जमाना खलास," सदू ओटीवर बसून म्हणाला. "टाइम म्हणजे पैसा."

"मग तुझ्याकडे टाइम एवढा दिसतोय, पैसा का दिसत नाय?" मी म्हटलं.

पण गडी हटेना. त्यानं मुद्दा काढला की उभा बैल खातो, उभी मोटार खात नाही. पावसाळ्याचे चार महिने गाडी बंद, बैलांचं तोंड चालूच. हा मुद्दा जरा टोचला. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला गाठून म्हटलं, "मोटारीचं शेण दाखव. बैल खातो त्यातलं निम्मं परत देतो. ते शेतात जाळलं की रोपांसाठी राब होतो, भात होतं. तुझी मोटार काय देते? धूर. धुरानं घर सारवतोस काय?"

सगळ्या आळीनं माझ्या बाजूनं मान डोलावली. आमच्या हिनं नाही डोलावली. तिला आपला भाऊ रोज मोटारीतून दारात उतरलेला हवा होता. शेवटी शाळेचे गुरुजी मध्ये पडले. म्हणाले, "वाद कशाला? एक फेरी करून पाहा. सारखं ओझं, सारखी वाट. येईल तो खर्च मी लिहितो. बैल महाग पडले तर विकायचे, मोटार महाग पडली तर सदाशिवानं हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी तिथल्या तिथं मिशीवर हात ठेवून कबूल केलं. मला हिशेबाची भीती नव्हती. बैलांना दोन पेंढ्या आणि शेरभर भिजवलेली पेंड, चाकाला बोटभर वंगण, संपला खर्च!

खोट पुढच्या कलमात होती. ज्याचं वाहन, त्याचा साक्षीदार त्यात बसायचा नाही. म्हणजे माझ्या वतीनं गुरुजी मोटारीत बसणार आणि सदूच्या वतीनं माझ्या बैलगाडीत बसणार त्याची बहीण. मी म्हटलं, बसू दे. ती आधी माझी बायको आणि मागाहून त्याची बहीण. (एवढी मोठी चूक मी शाळेतही केली नव्हती.) आणि फेरीचा दिवस ठरला शनिवार.

शनिवारी पहाटे तीन पोती आणि ही, असं ओझं घेऊन मी निघालो. हिला लिहिता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी सांगितलं होतं की खर्च झाला की पदराला गाठ मारायची, आण्याला एक. सरकारनं नवे पैसे काढून दोन-तीन वर्षं झाली होती, पण हिचा कारभार आण्यातच. ती नवं लुगडं नेसून पोत्यावर बसली होती, खुशीत होती. मीही खुशीत होतो. दोन मैल गेल्यावर मला एकदम आठवलं.

पुढच्या वळणावर धोंडूचं हॉटेल होतं.

आता खरं सांगून टाकतो. बारा वर्षं दर शनिवारी मी धोंडूकडे थांबत होतो. एक बशी कांदाभजी, दोन कप चहा. बैल नुसते उभे राहून बघायचे ते मला बरं वाटेना, म्हणून त्यांनाही दोन-दोन भजी. शनिवार मी धरायचोच, पण घरी. पोलादपूर-महाड वाटेवर तो मारुतीला दिसत नसावा, असा माझा अंदाज होता.

वळण दिसलं तसा मी आवाज टाकला, कासरा झटकला, शेपट्या पिरगाळल्या. मोऱ्यानं एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग दोघं ठरलेल्या जागी, वडाच्या सावलीत, गाडी नीट कडेला घेऊन उभे राहिले. एवढी सरळ गाडी तर मलाही लावता आली नसती.

"का वो थांबले?" ही म्हणाली.

"दमले."

"आत्ता तर निघालो."

तेवढ्यात धोंडू बशी घेऊन बाहेर. मी त्याला डोळा घातला. तो म्हणाला, "काका, डोळ्यात काय गेलं? आज उशीर केलात, पयला घाणा गार झाला. ही तुमची, आणि ही चार बैलांची." मग त्याची नजर पोत्यावर गेली. "वैनी पन हायती? मग आनखी एक बशी आणतो."

हिनं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज वार कोणता?" तिनं धोंडूला विचारलं. मला नाही, धोंडूला!

"शनिवार," धोंडू म्हणाला. "काका शनिवारशिवाय कधी येत नायत."

हिनं पदराला गाठ मारली. मग दुसरी, मग तिसरी. इतक्यात मागून भोंगा वाजवत सदूची मोटार आली आणि धूळ उडवत पुढे गेली. गुरुजी पोत्यांवर आडवे होते, त्यांचं डोकं टपाला लागलं होतं. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला. मीही एक हात हलवला, दुसऱ्यात अजून बशी होती.

मला वाटलं, झालं ते झालं, आता सरळ महाड. बैलांना तसं वाटत नव्हतं. मैलभरावर ते पुन्हा थांबले. झाडाखालून न्हावी तेलाची बाटली घेऊन आला आणि माझं मुंडासं त्यानं सवयीनं स्वतःच उतरवून खुंटीला अडकवलं. दर शनिवारी तिथे मी डोक्याला तेल रगडून घ्यायचो. घरी सांगायचो की उन्हात घाम येतो म्हणून टाळू चमकते. घामाला माक्याच्या तेलाचा वास कसा, हे हिनं बारा वर्षांत विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही विचारलं. गाठ मारली.

पुढे सावित्रीच्या काठी आंब्याखाली बैल थांबले तेव्हा तर मी गाडीतून उतरून त्यांच्यापुढे हात जोडले. त्या आंब्याखाली माझ्यासारखेच तीन गाडीवान पत्ते पिसत बसलेले असायचे. त्यांतला एक तिथूनच ओरडला, "या सावकार, मागचा डाव हरलायत, आज सगळ्यांचा चहा तुमच्यावर!" मी म्हटलं, मी तो नव्हे. तर तो म्हणतो, "बैल तेच हायत की." चौघांचा चहा झाला, आणि आमच्या हिचा पाचवा. बरं, बैलांना इथे तासभर थांबायची सवय. मी ओढतो, ढकलतो, शिव्या देतो, पण त्यांनी डोळे मिटून रवंथ सुरू केलं. तासाभरानं मोऱ्यानं आपणहून डोळे उघडले, खैऱ्याला शिंग लावलं आणि गाडी निघाली.

ही एवढंच म्हणाली, "मुकं जनावर. पन खोटं बोलत नाय."

मी म्हटलं, "अगो, बैलांसाठी थांबतो मी." त्यावर तिनं आणखी एक गाठ मारली. ती कशाची ते मला आजतागायत कळलेलं नाही.

महाडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. व्यापाऱ्याच्या ओट्यावर सदू पाय पसरून बसला होता, शेजारी गुरुजी कागद घेऊन. बाजारची दहा-पंधरा माणसं निकाल ऐकायला जमलेली. आमच्या हिच्या पदराकडे मी बघत नव्हतो. सकाळी तो डोक्यावर होता, आता गाठींचा दोरखंड होऊन खांद्यावर पडला होता.

गुरुजींनी आधी मोटारीचा खर्च वाचला. पेट्रोल. इंजिनात तेल. निघताना ढकलणारी आठ माणसं, त्यांना विड्यांची दोन बंडलं. चढावर पाणी उकळलं तेव्हा पुन्हा ढकलणारी सहा, त्यांना आणखी एक. (सदू म्हणाला, विड्या खर्चात धरू नका. गुरुजी म्हणाले, विड्यांशिवाय मोटार हलत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं.) मग त्यांनी बैलांचा खर्च मांडला, पेंढा, पेंड, वंगण, शेणाची वजावट. बैल मोटारीच्या निम्म्यालासुद्धा आले नाहीत!

लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी मिशीला पीळ दिला. सदूचं तोंड उतरलं. मोऱ्या, खैऱ्या वाचले होते.

"गुरुजी," ही म्हणाली, "ह्या मोजा." आणि पदर पुढे केला.

गुरुजींनी मोजायला घेतल्या. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच त्यांनी चष्मा पुसला. भजी, बैलांची भजी, चहा, तेल, पत्ते, पुन्हा चहा... आख्ख्या बाजारासमोर माझे बारा वर्षांचे शनिवार एकेक करून सुटत होते. शेवटी त्यांनी बेरीज केली आणि हळू आवाजात म्हणाले, "बैलगाडी महाग पडली."

सदू उडी मारून उठला. "खलास, दाजी! आता बैल विका!"

मी खाली बसलो. शब्द दिला होता, बाजार साक्षीला होता, आणि शब्द मोडणारा माणूस मी नव्हे. मोऱ्या माझ्या मुंडाशाला तोंड लावत होता. त्यात धोंडूकडचं एक भजं मी परतीच्या वाटेसाठी बांधून ठेवलं होतं.

"गप रे सदू," ही म्हणाली. सदू पुन्हा ओट्यावर बसला. लहानपणी तिनंच त्याला वाढवलेलं. "गुरुजी, बैलांवर खर्च किती, ते तुमी वाचलंत. जास्तीचा झाला तो कुणावर?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या बाजारानं बघितलं. बैलांनीसुद्धा.

"मग बैल कशाला विकायचे?" ती म्हणाली. "बैल स्वस्त हायत. वरचा खर्च काढून टाका."

वरचा खर्च म्हणजे मी.

तसंच झालं. मोऱ्या, खैऱ्या गोठ्यात राहिले. सदूनं भागीदारीचं नाव काढलं नाही, मोटार एकट्यानं चालवली. आणि पुढच्या शनिवारपासून तांदूळ घेऊन आमची ही महाडला जाऊ लागली. बाईमाणूस गाडी हाकतं म्हणून चार लोक बोलले, पण हाकायचं होतं कुठे? वाट बैलांना पाठ. कासरा नुसता धरायचा.

मी घरी. अगदीच बसून नाही हं. सदूची मोटार सकाळी ढकलायला एक माणूस कमी पडायचा, तो मी. दाजी म्हणून मला विडी द्यायची नाही, असं ठरलं होतं. तेवढाच मोटारीचा खर्च कमी!

पहिल्या शनिवारी ही रात्री घरी आली. खुशीत होती. डोकं तेलानं चमकत होतं. बैलांच्या तोंडाला, आणि हिच्याही, कांदाभज्यांचा वास. मी नुसतं बघितलं. तर म्हणाली, "काय करू वो, बैल थांबतातच."

मग मी चुलीवरची रताळी उतरवली, माझ्यापुरती. दुधावर साय नव्हती. बारा वर्षं खोटा धरलेला शनिवार त्या दिवसापासून मी खरा धरतो.